हेड ऑफिस हललं, आता आपणही हलायचं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कंपनी हेड ऑफिस दुसऱ्या शहरात नेतेय, तुम्हाला 10 टक्के वाढ आणि शिफ्टिंगसाठी दीड पगार एकरकमी मिळणार, दोन वर्षांच्या आत सोडलं तर तो परत करायचा, 45 दिवसांत उत्तर हवंय आणि मिस्टरांची नोकरी मात्र इथेच.

वाढ बघून हुरळू नका. समजा घरात महिन्याला 100 येतात, 60 तुमचे 40 त्यांचे, आणि हप्त्यासकट खर्च 80. दोघंही गेलात तर तुमचे 66 होतील पण त्यांचे 40 बंद, तिकडचं भाडं 20 लागलं आणि इकडचं घर भाड्याने देऊन 12 आले तरी खर्च 88, म्हणजे महिन्याला 22 ची खोट, आणि त्यांना नोकरी मिळायला सहा महिने लागले तर 132. तुमचे नवे दोन पगार गेले की!

शिवाय तो दीड पगार दोन वर्षं तुमचा नाहीच, उसना आहे. कंपनीनेच काढलं तरी परत द्यायचाय का ते बघा. नुसतं ‘नोकरी संपल्यास’ लिहिलं असेल तर ‘स्वतः राजीनामा दिल्यास’ असं बदलून घ्या.

मुदतीवरून पण कंपनीचा हेतू कळतो बरं का. टोयोटाने अमेरिकेतलं मुख्यालय कॅलिफोर्नियातून टेक्सासला न्यायचं 2014 मध्ये जाहीर केलं आणि नवा कॅम्पस 2017 मध्ये उघडला, लोकांना विचार करायला वेळ मिळाला. उलट 2019 मध्ये तिथल्या कृषी खात्याच्या दोन संस्था वॉशिंग्टनहून कॅन्सस सिटीला हलवल्या तेव्हा ठरवायला जेमतेम महिना दिला, बहुतेकांनी नकार दिला आणि अनुभवी माणसं गेली. काही ठिकाणी तर शिफ्टिंग म्हणजे नाव न घेता केलेली कपातच असते. पण काम माहीत असलेली माणसं गळायला लागली की उरलेल्यांचा भाव वाढतो, ते वापरा.

मला विचाराल तर आधी तुम्ही एकट्याच जा, सहा महिने राहण्याचा खर्च कंपनीकडून मागा, मिस्टरांनी इथूनच तिकडे अर्ज टाकावेत, आणि घर अजिबात विकू नका. कंपनी यालाही नाही म्हणाली तर थांबलेलंच बरं, पण ‘मी येत नाही’ असा मेल लगेच टाकू नका, तो राजीनामा धरला तर नुकसानभरपाई हातची जाईल. न येणाऱ्यांना काय देणार ते आधी एचआरकडून लेखी मागवा.