'किसास' म्हणजे काय, ते आधी सांग

काल रात्री एकाच गाण्याच्या चार लिंका पाठवल्यास आणि खाली लिहिलंस, "काका, यातलं कुठलं फॉलो करू, फार कन्फ्युज झालेय." चारही ऐकली, दोन-दोनदा ऐकली, झोप उडाली ती वेगळीच. अगं, पण शब्द कळलेत का तुला? त्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

'किसास, किसास, किसास' हे क्यूबाच्या ओस्वाल्दो फार्रेसचं, १९४७ सालचं स्पॅनिश गाणं. किसास म्हणजे कदाचित. पण आपल्या घरात कदाचित कोण म्हणतं, आपण 'बघू' म्हणतो. तर गाण्यातला तो विचारतोय कधी, कसं, कुठे, आणि समोरून दरवेळी बघू, बघू, बघू. असेच दिवस चाललेत. शेवटी तो म्हणतो की नुसता विचार करण्यात वेळ घालवतेयस, आणि मग 'आस्ता क्वांदो', म्हणजे अजून किती दिवस? मेटाकुटीला आलाय गं तो, आणि लिंकांबरोबर पाठवलेल्या तुझ्या स्वतःच्या रेकॉर्डिंगमध्ये तू तिथेच गोड हसतेयस.

अमेरिकन गायिका डोरिस डे गाते ते इंग्लिश शब्द जो डेव्हिसचे, आणि तिथे पहिल्याच ओळीत तक्रार वेगळी, की तू प्रेम कबूलच करत नाहीस. ती ते लाडात येऊन गाते, छान गाते. केक बँडने १९९६ मध्ये तेच इंग्लिश शब्द घेतले पण कोरडे, जवळजवळ बोलल्यासारखे, आणि भाषा बदलूनही मला तेच मूळ गाण्याच्या जास्त जवळ वाटतं कारण वैताग खरा आहे. म्हणून म्हणतो शब्द आधी, स्टाइल नंतर.

आता तू म्हणशील, हेच गाणं गाणाऱ्या अमेरिकन गायक नॅट किंग कोलला कुठे स्पॅनिश येत होतं. नव्हतंच येत, १९५८ चा तो अख्खा अल्बम उच्चार पाठ करून गायलाय, आणि हाँगकाँगच्या दिग्दर्शक वोंग कार-वायच्या सिनेमात तेच ऐकून तू या गाण्याच्या प्रेमात पडलीस. माहितीये मला. हेच कारण मी स्वतः बारा वर्षं देत होतो.

हॉटेलात गायचो तेव्हा कॅसेटवरून ऐकून मी शब्द डायरीत देवनागरीत उतरवले होते, पहिलीच ओळ 'सिएम्प्रे के ते प्रेगुंता'. रोज रात्री तेच. एकदा एक म्हातारे गृहस्थ ब्रेकमध्ये स्टेजपाशी आले, माझी डायरी मागितली, मी बोटाने वाचून दाखवलं तर त्यांनी 'ता' वर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'तो'. प्रेगुंतो म्हणजे मी विचारतो. प्रेगुंता म्हणजे दुसराच कोणीतरी विचारतोय. बारा वर्षं मी त्या गाण्यातून विचारणाऱ्यालाच बाहेर काढलं होतं, आणि टाळ्या घेत होतो. त्यांनी डायरी मिटून हातात दिली, काही बोलले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं अजून वाटतं.

त्यानंतर अर्थ माहीत नसलेली एक ओळ गायलो नाही. त्यापायी कामं सोडली, बँडमधली पोरं कंटाळून गेली, घरातही ऐकून घेतलं की लोकांना चाल लागते, अर्थ कोणाला हवाय. मला हवाय. आणि तुलाही हवा असणार, नाहीतर रात्री दीड वाजता चार लिंका पाठवल्या नसत्यास. म्हणूनच तुझ्यावर चिडतोय, बाकीच्यांना तर मी आता काही सांगतही नाही.

उच्चार सुधारता येतो, स्केल बदलता येते, तुझा आवाज तर माझ्यापेक्षा कितीतरी मोकळा आहे, त्यावर बोलायला नकोच. शब्द आधी.

रविवारी ये. की-बोर्ड आणू नकोस, वही आण, एका बाजूला स्पॅनिश आणि समोर तुझ्या स्वतःच्या मराठीत, गुगलच्या नको. तोवर त्या चारपैकी एकही लावू नकोस. आणि 'आस्ता क्वांदो' दोनदा येतं, तर दुसऱ्याच्या आधी श्वास घेणार की नाही, ते मला येऊन सांग.