भाडेपावत्या द्यायच्या राहिल्या. कापलेला कर परत मिळेल?

प्रश्न : मी पुण्यात भाड्याने राहतो. 2024-25 च्या भाडेपावत्या कंपनीला वेळेत दिल्या नाहीत, म्हणून घरभाडे भत्त्यावरही कर कापला गेला. तो परत मिळेल का?

उत्तर : मिळेल. फॉर्म 16 मध्ये (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) सवलत नसली तरी आयकर विवरणपत्रात ती मागता येते. मात्र त्यासाठी जुनी करप्रणाली हवी, आणि ती मुदतीत (2024-25 साठी ही मुदत 16 सप्टेंबर 2025 होती) भरलेल्या विवरणपत्रातच निवडता येते. उशीर झाला की नवी प्रणाली लागते आणि ही सवलत जाते. दोन्ही प्रणालींतला कर आधी काढून पाहा. कधी नवीच स्वस्त पडते.

2024-25 साठी तीनपैकी सर्वांत कमी रक्कम करमुक्त होती : मिळालेला भत्ता, मूळ पगाराचे 40 टक्के (मुंबईत 50), किंवा भाड्यातून मूळ पगाराचे 10 टक्के वजा करून उरलेली रक्कम. महिना मूळ पगार 50,000, भत्ता 20,000 आणि भाडे 18,000 असेल, तर वर्षाचे 2,16,000 वजा 60,000, म्हणजे 1,56,000 रुपये.

वार्षिक भाडे लाखावर असल्याने घरमालकाचा पॅन मागून घ्या. भाडे बँकेतून दिल्याच्या नोंदी जपा. आकडा फॉर्म 16 शी जुळत नसल्याने विचारणा होऊ शकते. विवरणपत्राची ई-पडताळणी 30 दिवसांत कराच, नाहीतर परतावा अडकतो.