आधी खालचं लाल बटण दाबा

प्रश्न : ओल्या खोबऱ्याचं वाटण करताना मिक्सर एकदम गप्प झाला. आता हूं नाही की चूं नाही. मोटर जळली का? (सातारा)

जळली असती तर नाकाला कळलं असतं. जळक्या वार्निशचा वास एकदा घेतलेला माणूस तो विसरत नाही. वास नसेल तर प्लग काढा, भांडं उतरवा आणि मिक्सर आडवा करा. बहुतेक मिक्सरांच्या बुडाशी एक छोटं बटण असतं, बहुधा लाल. हा ओव्हरलोड स्विच. मोटरवर भार वाढला की तो उडतो. दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मग बटण टक्कन आत दाबा. पुढच्या वेळी वाटणात थोडं पाणी घाला, भांडं काठोकाठ भरू नका. माझ्याकडे 'बंद पडला' म्हणून येणारे कितीतरी मिक्सर एवढ्यावरच घरी जातात. त्याचे पैसे घ्यायचे कसे, हा माझा जुना प्रश्न आहे.

प्रश्न : मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण भांड्यातलं पातं हलत नाही. (चिपळूण)

कपलर गेला. मोटरच्या डोक्यावर बसणारी ही दातेरी चकती. पातं अडकलं की आधी हिचे दात झिजावेत आणि मोटर वाचावी, म्हणूनच ती नरम ठेवलेली असते. आधी भांडं उलटं करून पातं बोटांनी बुडाकडून फिरवून बघा. तेच जाम असेल तर दोष भांड्याच्या बुशात, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत आहे, आणि नवा कपलरही टिकणार नाही.

कपलर काढताना नवखा माणूस हमखास चुकतो. मीही चुकलो होतो : शेजारच्या काकूंच्या मिक्सरचा कपलर नेहमीच्या सवयीने डावीकडे पिळत बसलो आणि त्याचे दोन तुकडे हातात आले. मोटर चालताना कपलर आपोआप आवळला जावा अशा बेताने त्याचे आटे असतात. म्हणून मोटर ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने कपलर फिरवला की तो सुटतो. काहींवर तसा बाणही असतो. प्लग काढून ठेवा, खालून शाफ्ट (मोटरचा दांडा) पक्का धरा आणि मग पिळा. नवा आणताना जुना खिशात घालून दुकानात जा. नुसतं कंपनीचं नाव सांगून भलताच कपलर पदरात पडतो.

प्रश्न : छताचा पंखा नुसता गुणगुणतो. ढकलला तर फिरतो, पण मंद. (पनवेल)

हे बहुधा कंडेन्सरचं दुखणं. पंख्याला फिरायला लावणारी ही छोटी डबी. चाचणी सोपी आहे : पंखा चालू करून खाली उभं राहा आणि झाडूच्या दांड्याने पातं हळूच ढकला. कंडेन्सर पुरता मेला असेल तर ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला पंखा फिरू लागतो! बंद पंख्याचं पातं हातालाही जड लागलं, तर मात्र बेअरिंगकडे बघा.

बदलताना भिंतीवरच्या बटणावर विसंबू नका. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर जोडलेलं सापडतं, म्हणजे बटण बंद असूनही पंख्यात करंट असतो. मेन स्विच पाडा, वर जाऊन टेस्टर लावून खात्री करा, स्टूल धरायला कुणीतरी हवं. दांडीवरची वाटी सरकवली की बोटाएवढी पांढरी किंवा काळी डबी दिसते. तोडण्याआधी वायरींचा मोबाइलवर फोटो काढा. कंडेन्सरच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या तरी चालतात, बाकीच्या नाहीत. डबीवर बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं. जो आकडा असेल तोच आणा. 'मोठा टाका, वारा जास्त लागेल' असं सांगणारे दुकानदार भेटतील. वारा थोडा वाढेलही, पण वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापेल.

प्रश्न : इस्त्रीला हात लावला की मुंग्या येतात. पायात रबरी चप्पल घातली की येत नाहीत, मग चालेल ना? (लातूर)

नाही. आजपासून ती इस्त्री बंद. वायर आत कुठेतरी खरचटली असेल किंवा एलिमेंट पत्र्याला टेकत असेल, आणि सॉकेटला अर्थिंगही नसावं. तीन पिनांतली लांब, जाड पिन अर्थिंगची. ती कापून दोन पिनांच्या सॉकेटात प्लग बसवलेला मी पाहिला आहे. इस्त्री दुरुस्तीला द्या आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. घरीच उघडू का? (पुणे)

बाहेरचं कव्हर उघडू नका. ट्रान्सफॉर्मरवाल्या मायक्रोवेव्हमध्ये सुमारे २००० व्होल्ट तयार होतात, आणि प्लग काढल्यावरही आतला कपॅसिटर (कंडेन्सरचंच दुसरं नाव) विजेने भरलेला राहू शकतो. जिवावर बेतणारं काम आहे.

पण ठिणग्यांचं कारण अनेकदा दार उघडल्यावरच दिसतं. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा अभ्रकाचा पत्रा असतो. त्यावर तूप, भाजीचा रस्सा उडून काळा डाग पडला की तिथेच ठिणगी पेटते. प्लग काढा, पत्रा सोडवा, मागची जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. नवा पत्रा बाजारात सुटा मिळतो. त्यावर जुना ठेवून पेनाने आखा, कात्रीने कापा, बसवा. तरीही ठिणगी आली, तर मशीन उचलून दुकानात न्या.