आई आणि आजी दोघींची हाडं ठिसूळ, मग मी वांगासाठी पील आणि पार्लरमधली क्रीम वापरली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की आजी खुबा मोडून अंथरुणाला खिळली, आईच्या डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजायच्या स्कॅनचा, टी-स्कोअर उणे २.८ आलाय, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, तुमचं वय ३१ आणि गालावरच्या वांगासाठी पील करायचंय, शिवाय पार्लरवाली एक क्रीम देतेय. मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरात अगदी हेच आहे आणि ती क्रीम मी चार वर्षं लावलीये म्हणून लिहितेय.

आधी आनुवंशिकतेचं. जुळ्यांवर जे अभ्यास झालेत त्यात हाडांच्या घनतेचा निम्म्याहून जास्त वाटा आनुवंशिक निघालाय, त्यामुळे तुमची भीती खोटी नाही. चाळिशीनंतर फ्रॅक्चरचा धोका मोजायला डॉक्टर फ्रॅक्स नावाची प्रश्नावली वापरतात, त्यातही आईवडिलांचा खुबा मोडला होता का हे विचारतातच. माझ्या आईचं तर कोणाला कळलंच नाही, फडताळातला वरचा डबा तिच्या हाताला येईना झाला तेव्हा आम्ही म्हणालो वय झालं, आणि एक्सरेत दोन मणके खचलेले निघाले. पण तिशीपर्यंत जी हाडं भरतात तीच पुढे पाळी गेल्यावर झिजायला लागतात, म्हणजे तोवर ती टिकवणं तुमच्या हातात आहे.

आता पील. ग्लायकोलिक पील कातडीचा वरचा थर काढतं, लेझरही त्वचेतच थांबतं, त्याचा आणि खुब्याच्या हाडाचा काही संबंध नाही. तेवढं ते जबडा बारीक दिसण्यासाठी चावायच्या स्नायूत बोटॉक्स देतात ना, ते तुमच्यासारख्या घरातल्या मुलीने टाळावं असं मला वाटतं, कारण स्नायूचा ताण कमी झाला की खालचं हाड पातळ होतं असं काही स्कॅनच्या अभ्यासांत दिसलंय.

खरी काळजी मला क्रीमची आहे. मला पार्लरमधून पांढऱ्या डबीत मिळायची, वर नाव नाही काही नाही, पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की मी बहिणीलाही दिली. त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्यावरच्या लाल शिरा बघून लगेच सांगितलं की यात स्टिरॉइड आहे. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही ती नावं. चेहऱ्याची कातडी पातळ त्यामुळे ते आत जास्त शोषलं जातं. स्टिरॉइड नवीन हाड तयार करणाऱ्या पेशींना दाबतं आणि आतड्यातून कॅल्शियमही कमी घेऊ देतं, गोळ्यांचं तर हे केव्हापासून माहीत आहे, पण २०२१ मध्ये डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात जोरकस स्टिरॉइड क्रीम वर्षानुवर्षं भरपूर लावणाऱ्यांतही हाडं ठिसूळ होण्याचं आणि मोडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. एका ट्यूबने काही होत नाही हो, डॉक्टरांनी वांगासाठी आठ आठवडे दिली तर घाबरू नका. आपल्याकडे २०१८ पासून या क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मेडिकलवाले बिनधास्त देतात आणि ह्याचा मला फार राग येतो. आधीच लावत असाल तर मात्र एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो, माझा भडकला होता, त्वचारोगतज्ज्ञांना विचारून हळूहळू सोडा.

अजून एक, वांगाला सनस्क्रीन लागतंच, आणि आपण तोंड झाकता झाकता अख्खं अंगच उन्हापासून लपवतो. म्हणून ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या, माझं फारच कमी निघालं होतं. चेहऱ्याला सनस्क्रीन लावा पण हातपायांना थोडं ऊन मिळू द्या. आणि वजन उचलायचा व्यायाम, नुसतं चालणं पुरत नाही.

आईंना हाडांसाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन चालू असेल तर दात काढायच्या किंवा इम्प्लांट बसवायच्या आधी डेंटिस्टला सांगायला लावा, त्या औषधांनी क्वचित जबड्याची जखम भरत नाही.

पार्लरवालीच्या क्रीमच्या ट्यूबमागचं बारीक अक्षरातलं वाचून इथे कमेंटमध्ये टाका, मी बघते, आणि माझ्यासारखी बिननावाची डबी असेल तर आजपासून सुरूच करू नका.