नदीकाठच्या खेड्यात लोक खरंच एकमेकांच्या उपयोगी पडतात का, की हे नुसतं सांगण्यापुरतं?

पडतात. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेच्या काठी वाढलो, अजून तिथंच शेती करतो. आमचा शेजारधर्म चांगुलपणापेक्षा गरजेतून आला आणि म्हणूनच टिकला, असं माझं मत आहे.

पलीकडचा काठ गडचिरोली जिल्ह्यात येतो. जिल्हा वेगळा, पण आमच्या निम्म्या सोयरिकी तिकडच्याच. पुलावरून जायचं तर लांबचा फेरा, म्हणून ढिवरांचा, म्हणजे मासे धरणाऱ्या समाजाचा, डोंगा (लाकडी होडी). डोंगेवाल्या काकांना गावातलं कुणी दर खेपेला पैसे देत नाही. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाली की ते पोतं घेऊन घरोघरी येतात आणि ज्याचं त्यानं धान मोजून घालायचं. कुणी कमी घातलं, तरी पुढच्या वेळी डोंगा त्याच्यासाठी थांबतोच.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या धरणाचं पाणी आलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले आणि नदी गावात शिरली. सगळ्यात आधी बुडाली ती काठावरची ढिवर टोली, म्हणजे ढिवरांची वस्ती. त्याच टोलीतली पोरं स्वतःची जाळी, भांडी वाहून जात असताना डोंगे घेऊन आमच्या गल्लीत आली. म्हाताऱ्यांना पाठकुळी घेऊन त्यांनी शाळेत नेलं. मग उंचावरच्या घरांनी कोठ्यांतलं धान काढलं आणि पाणी ओसरेपर्यंत शाळेच्या आवारात एकच चूल पेटली.

गावात जातपात नाही, असं मात्र म्हणणार नाही. टोल्या आजही जातीप्रमाणेच आहेत. पुराच्या दिवसांतली ती एक पंगत लग्नकार्यात अजून दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आनंदाचं म्हणाल, तर दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातलं, नाटक. वडसा गावची नाटक कंपनी ठरते, रात्री उशिरा पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत. घरोघरी पाहुणे मावत नाहीत. गंज (मोठी पातेली), सतरंज्या, चादरी कुणाच्या कुठं गेल्या याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पोरींच्या सोयरिकीची बोलणीही त्याच गर्दीत सुरू होतात.

तुम्हाला हे बघायचंच असेल, तर नाटकाच्या दिवशी या. गावात कुणी ओळखीचं नसलं तरी चालेल. चावडीपाशी उभे राहिलात, तर कुणीतरी जेवायला घेऊन जाईलच.