उपदेश किती मिनिटांचा असावा? पहिल्यांदा पुलपीटवर उभ्या राहणाऱ्या ताईंना

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाळकसाहेबांकडे तीन गावांच्या मंडळ्या आहेत, म्हणून पास्टरेट कमिटीने, म्हणजे मंडळ्यांचा कारभार पाहणाऱ्या समितीने, महिन्याच्या तिसऱ्या रविवारचा उपदेश तुमच्याकडे सोपवलाय. घरातले वडीलधारे म्हणतात, पाऊण तास झाल्याशिवाय तो उपदेश कसला. तरुण मंडळी म्हणतात, पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. आणि तुम्हाला नक्की आकडा हवाय.

मी स्वतः पाळक नाही. पण गेली ३१ वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांमधून उपदेश करत आलोय, त्या जोरावर आकडा आधीच सांगून टाकतो. नेहमीच्या रविवारी १८ ते २० मिनिटं. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) असेल तर १२. घरसभेत १०. दफनविधीच्या वेळी, कबरीपाशी, ५ मिनिटांच्या वर एक वाक्यही नको.

हा हिशेब मला एका गुड फ्रायडेने शिकवला. दुपारी १२ ते ३ ची उपासना होती. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलणार होते. मधली गीतं आणि प्रार्थना धरून प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटं येत होती. चौथा उद्गार माझ्याकडे होता, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा. मी खूप तयारी केली होती. बाविसावं स्तोत्र उघडलं, त्यातले दुवे एकेक करून दाखवत गेलो आणि ३२ मिनिटं बोललो. माझ्यानंतरच्या दोघांनीही थोडं थोडं जास्त घेतलं. सातवा उद्गार एका नर्सिंग शिकणाऱ्या मुलीकडे होता. ती पहिल्यांदाच पुलपीटवर येणार होती आणि तीन आठवडे तयारी करत होती. तिची पाळी आली तेव्हा तीनला चार मिनिटं कमी होती. तिने हातातल्या कागदांची घडी केली, ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ एवढं वचन वाचलं, छोटी प्रार्थना केली आणि जागेवर जाऊन बसली. बाहेर पडताना चार जणांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, फार छान बोललात. त्या मंडळीत ती मुलगी पुन्हा बोलायला उभी राहिलेली मी पाहिली नाही.

मी जास्त घेतलेली ती सतरा मिनिटं कुणाची होती, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. गुड फ्रायडेला ते निदान डोळ्यांना दिसलं. एरवी रविवारी ती कुणाची असतात ते दिसत नाही, इतकंच. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशीपोटी आलेल्या आजींची असतात. बाजाराचा दिवस रविवारीच असतो, म्हणून भाजीची पाटी दाराशी ठेवून आलेल्या बाईची असतात. पत्र्याखाली एप्रिलच्या उकाड्यात मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या आईची असतात.

आता तुमच्या घरातल्या वादाविषयी. हा म्हातारे विरुद्ध तरुण असा वाद आहे असं तुम्हाला वाटतंय, पण तो त्याहून बराच जुना आहे. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपूरला स्थापन झाली, तेव्हा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एका छताखाली आल्या. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम होतं. ते काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट परंपरेच्या वळणाचे, त्यामुळे वचनाचं विवरण हाच त्यांच्या उपासनेचा गाभा आणि पुलपीट मध्यावर. इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या अँग्लिकन मंडळ्यांत प्रार्थनापुस्तकाचा क्रम आणि प्रभुभोजनाची मेज यांना मान, म्हणून उपदेश आटोपशीर. तुमच्या आजोबांचा पाऊण तास एका घरातून आलाय आणि पंधरा मिनिटं दुसऱ्या घरातून. दोघांनाही आपलं तेच मूळचं वाटतं.

हे सगळीकडेच असं आहे. २०१९ मध्ये प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या चर्चेसनी इंटरनेटवर ठेवलेले जवळजवळ ५० हजार उपदेश तपासले. मधला आकडा ३७ मिनिटांचा निघाला. पण कॅथलिकांचा १४ आणि कृष्णवर्णीयांच्या जुन्या चर्चेसचा ५४. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, सगळं ख्रिस्तशरीराच्या संस्काराकडे जातं. पोप फ्रान्सिस यांनी तर २०२४ मध्ये, लांबलं की लोक झोपतात असं म्हणत, धर्मगुरूंना प्रवचन आठ मिनिटांत संपवायला सांगितलं. तो आकडा उचलून आपल्याकडे लावू नका. आपल्या उपासनेत बऱ्याच रविवारी मेज मांडलेली नसते. त्या दिवशी माणसाच्या हाती घरी न्यायला वचनच असतं.

मराठी माणूस तास-दोन तास ऐकू शकत नाही, असं मात्र कुणी म्हटलं तर मान्य करू नका. कीर्तनाला तो दोन तास बसतो. आपल्याच नगरात १८६० च्या दशकात कृष्णा रत्नाजी सांगळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढे नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तनाची ती वाट रुंद केली. त्याही आधी फादर स्टीफन्स यांनी दहा हजारांहून जास्त ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं आणि देवळांतून वाचलं जाऊ लागलं. कीर्तनात अभंग येतो, मग निरूपण, मग आख्यान, मध्येच टाळ-मृदंग, सगळे मिळून एक चरण म्हणतात. ऐकणारा दर पाच-सात मिनिटांनी गाणारा होतो. पुलपीटवरून एकच माणूस एकाच पट्टीत बोलत असताना तेवढा वेळ मागणं हा मंडळीवर अन्याय आहे. तुमचा गळा चांगला असेल तर मध्ये एक कडवं सगळ्यांकडून म्हणवून घ्या, २० ची २५ मिनिटं झाली तरी जड जाणार नाहीत.

वडीलधारे पौलाचा दाखला देतील, तो मध्यरात्रीपर्यंत बोलला म्हणून. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय त्यांच्याबरोबर बसून पुन्हा वाचा. पौल दुसऱ्या दिवशी त्रोवस सोडून निघणार होता, म्हणून भाषण लांबलं. कारण तिथे लिहिलेलंच आहे. माडीवर पुष्कळ दिवे होते तेही लिहिलंय, आणि युतुख नावाचा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडला तेही. निरोपाची रात्र होती ती. तुम्ही पुढच्या तिसऱ्या रविवारी पुन्हा येणार आहात. मला नहेम्याचा आठवा अध्याय जास्त जवळचा वाटतो. एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं आणि लोक उभे राहून ऐकत होते. पण लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, लोकांना अर्थ समजावत होते, आणि शेवटी रडणाऱ्या लोकांना सांगितलं गेलं, घरी जा, खा, प्या, ज्यांच्याकडे काही शिजलेलं नाही त्यांनाही वाटा पाठवा. किती वेळ वाचलं याच्याइतकंच, लोक काय समजून घरी गेले हेही त्या अध्यायात नोंदलंय. आणि डोंगरावरचा उपदेश, मत्तयाचे तीन अध्याय, एकदा सावकाश मोठ्याने वाचून पाहा. घड्याळात फार तर वीस मिनिटं होतात.

तयारी करताना लिहून काढा. पाठ करायला नाही, मोजायला. मी खेड्यात थांबत थांबत बोलतो तेव्हा मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे १८ मिनिटांना अठराशे. शनिवारी रात्री उभं राहून, आवाज काढून एकदा बोलून पाहा. मनातल्या मनात वाचलं तर वेळ निम्माच भरतो. मग कापायला बसा. ‘माझी योग्यता नाही, तरी मला संधी दिली’ ही सुरुवात कापा. तुमची योग्यता कमिटीने आधीच ठरवलीय. नुकताच वाचलेला शास्त्रपाठ पुन्हा गोष्टीसारखा सांगू नका. एकाच मुद्द्याला तीन दाखले सुचले असतील तर सगळ्यात साधा ठेवा. आणि शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहा, कारण उपदेश लांबतो तो बहुतेक वेळा शेवटाकडे. थांबायचं कुठे ते ठरलेलं नसतं, म्हणून ‘शेवटी एवढंच सांगतो’ तीनदा येतं. ‘शेवटी’ हा शब्द तोंडातून गेला की मंडळीने गीताचं पुस्तक हातात घेतलेलं असतं.

समोरच्या चेहऱ्यांवरून अंदाज घ्या असं बरेच जण सांगतात. पहिल्या वर्षी ते जमणार नाही, मलाही जमलं नव्हतं. त्यापेक्षा मागच्या बाकावर विश्वासातलं माणूस बसवा, पंधराव्या मिनिटाला त्यांनी नुसती चष्म्याला बोटं लावायची. माझ्यासाठी हे काम माझी बायको करते.

तुमच्या तिसऱ्या रविवारचा पाठ लूकचा पंधरावा अध्याय आहे असं तुम्ही लिहिलंय. हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हरवलेला मुलगा, असे तीन दाखले त्यात आहेत. तिन्ही घेतलेत तर पाऊण तास कुठेच गेला नाही. फक्त मुलगा घ्या, तोही बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो तिथपर्यंत. थोरला भाऊ शेतातून येतो तो भाग राहू द्या. त्याच्यासाठी पुढच्या महिन्याचा रविवार आहेच. कागद लिहून झाला की इथे टाका, मी वाचून कुठे कमी करता येईल ते सांगेन.