वाचकांचे प्रश्न : संत डॉमिनिक सॅव्हिओचा सण घरी कसा पाळावा?

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा सालेशियन फादरांच्या शाळेत शिकतो. ६ मे रोजी, संत डॉमिनिक सॅव्हिओच्या सणादिवशी, अन्नपाणी न घेता राहायचे आणि रात्री पंखा बंद करून नुसत्या फरशीवर झोपायचे, असे त्याने ठरवले आहे. त्याची भक्ती न दुखावता हा सण आम्ही कसा पाळावा?
— एक आई, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : आपल्या मुलाला जे करावेसे वाटते आहे, तेच डॉमिनिकलाही करावेसे वाटले होते आणि त्याचे गुरू व सालेशियन संघाचे संस्थापक संत जॉन बॉस्को (डॉन बॉस्को) यांनी त्याला ते करू दिले नव्हते. ही हकिकत मुलाला सविस्तर सांगावी. आईच्या नकारापेक्षा डॉन बॉस्कोंचा नकार त्याला लवकर पटेल.

१८५४ च्या ऑक्टोबरमध्ये डॉमिनिक इटलीतील तुरीन शहरात डॉन बॉस्कोंकडे शिकायला आला, तेव्हा तोही बारा वर्षांचाच होता. दर शनिवारी केवळ पाव आणि पाण्यावर राहण्याची त्याची इच्छा मान्य झाली नाही, आणि प्रकृती नाजूक असल्यामुळे प्रायश्चित्तकाळातील (ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांतील) उपवासालाही त्याला परवानगी मिळाली नाही. मग त्याने अंथरुणात लाकडाचे आणि विटांचे तुकडे ठेवून पाहिले, ऐन हिवाळ्यात एका पातळ पांघरुणावर रात्री काढल्या. हे कळल्यावर डॉन बॉस्कोंनी त्याला सांगितले की, देवाला त्याच्याकडून आज्ञापालनाची तपश्चर्या हवी आहे. त्याहून अधिक काही करायचे असेल, तर अपमान, ऊन, थंडी, पाऊस, थकवा आणि आजारपण त्याने कुरकुर न करता सोसावे. हे तर सोसावेच लागते, असे डॉमिनिक म्हणाला, तेव्हा जे सोसावेच लागते तेच देवाला अर्पण कर, असे उत्तर त्याला मिळाले. डॉन बॉस्कोंनीच १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्याच्या चरित्रात हा संवाद आहे, आणि माझ्या मते त्या चरित्रात याहून मोलाचे पान नाही.

चर्चच्या नियमानुसार उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच लागू होते. शिवाय मे महिन्याच्या उकाड्यात मुलाला पाण्यावाचून ठेवणे धोक्याचे आहे, तेव्हा या बाबतीत आपण ठाम राहावे.

त्याऐवजी सकाळी सर्वांनी मिळून मिस्साला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, जावे. १८४९ मध्ये, सातव्या वर्षी, प्रथम ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घेताना डॉमिनिकने जे चार संकल्प लिहून ठेवले, त्यांत वारंवार पापनिवेदन करण्याचा आणि सणांचे दिवस पवित्र राखण्याचा संकल्प होता. आपल्या मुलानेही स्वतःच्या हाताने एक-दोन संकल्प लिहावेत. पुढे, दगडफेक करून भांडण मिटवायला निघालेल्या दोन सोबत्यांच्या मध्ये डॉमिनिक क्रूस घेऊन उभा राहिला आणि पहिला दगड मलाच मारा, असे म्हणाला. सुट्टीत सोसायटीच्या आवारात क्रिकेटवरून अबोला धरलेले मित्र असतातच. त्या दिवशी आपल्या मुलाने स्वतःहून एखाद्याच्या दारी जाऊन बोलणे सुरू केले, तर ते अन्नत्यागापेक्षा कठीण आणि डॉमिनिकच्या अधिक जवळचे ठरेल. दुपारी वीज गेली, तर तो उकाडा आजीला वारा घालत सोसावा. संध्याकाळी त्याला खेळायला अवश्य पाठवावे, कारण संत होण्याच्या ध्यासाने डॉमिनिक गंभीर होऊन एकटा राहू लागला, तेव्हा आनंदी राहा, अभ्यास व प्रार्थना नेमाने कर आणि सोबत्यांबरोबर खेळात भाग घे, असेच त्याला सांगण्यात आले होते. रात्री रोझरीनंतर (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) त्याच्या आवडीचे जेवण करावे.

प्रश्न : डॉमिनिकचा सण ९ मार्चला की ६ मेला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ९ मार्च १८५७ रोजी, पंधरावे वर्ष पूर्ण होण्यास जेमतेम तीन आठवडे उरले असताना, मोंदोनियो गावी त्याचे निधन झाले. ही तारीख बहुधा प्रायश्चित्तकाळात येते. सालेशियन परिवार ६ मे रोजी सण साजरा करतो, म्हणून त्यांच्या शाळांतील मुलांनी तोच दिवस धरावा. ९ मार्चला घरी त्याच्यासाठी एक मेणबत्ती लावून प्रार्थना करण्यास काहीच हरकत नाही.